सिगरेट सोडणे : गम, पट्टी, गोळी यांची मात्रा, पद्धत आणि नेमकं कुठे बिनसतं

म्हादई

‘निकोटिनचा गम खाऊन बघितला, काही उपयोग झाला नाही’ असं म्हणणाऱ्याला एकच विचारून बघा : दिवसाला किती खाल्ले? उत्तर बहुतेक वेळा दोन नाहीतर तीन असं येतं. आता हिशेब मांडा. एका सिगरेटीतून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन जातं. २ मिलिग्रॅमचा गम नीट वापरला तरी त्यातलं जेमतेम १ मिलिग्रॅम रक्तात पोचतं. म्हणजे रोज पंधरा सिगरेटी ओढणारा माणूस पंधरा-वीस मिलिग्रॅमवरून एकदम तीनवर उतरतो. चौथ्या दिवशी तो परत गाड्यावर सुटी सिगरेट मागताना दिसला तर त्यात मनाच्या कच्चेपणाचा भाग थोडा आणि कमी पडलेल्या मात्रेचा मोठा.

म्हणून हा धागा. कोणी कशी सोडली याच्या कहाण्या इथे नकोत, त्यांचे धागे ढिगाने आहेत. औषध, मात्रा, पद्धत आणि चुका एवढंच लिहू या.

सुरुवात गमपासून. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, त्यानंतर लागत असेल तर २ चा. २ चा फार्मसीत असाच मिळतो, ४ च्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला किमान नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी. दिवसाला चोवीसच्या वर जायचं नाही.

तलफ येण्याची वाट बघून गम तोंडात टाकला तर उशीर झालेला असतो. सिगरेटीतलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, गमचं रक्तातलं प्रमाण वर चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेव्हा तो घड्याळ बघून घ्यायचा.

कुळागर

पद्धत पण लिहा ना. शेंगदाणे खाल्ल्यासारखा कचाकचा चावतात लोक आणि मग उचक्या लागल्या म्हणून फेकून देतात.

म्हादई

बरोबर. सावकाश दहा-पंधरा वेळा चघळायचा. जिभेला मिरमिरल्यासारखं तिखटसर लागलं की थांबायचं आणि गाल नि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. मिरमिर मिनिटभरात ओसरते. मग पुन्हा थोडं चघळायचं आणि दुसऱ्या गालात ठेवायचा. असं अर्धा तास. निकोटिन शोषलं जातं ते गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं. तिथून यकृतात जाऊन त्यातलं बरंचसं फुकट जातं, आणि वर उचक्या, छातीत जळजळ, मळमळ. कवळी असेल तर गम तिला चिकटून बसतो. अशांनी चघळायच्या नाही, तोंडात विरघळू द्यायच्या गोळ्या घ्याव्यात. त्याही निकोटिनच्याच, २ की ४ हे ठरवायचा नियम तोच.

फार्मसी_फोंडा

यात एक भर, आपल्या गोव्यातल्या जेवणाच्या संदर्भात महत्त्वाची. तोंड आंबट असेल तर गम काम करत नाही. गममध्ये मुद्दाम क्षार घातलेला असतो, कारण लाळ अल्कधर्मी असेल तरच निकोटिन गालातून आत शिरतं. लाळ आम्लधर्मी झाली की ते तसंच लाळेत राहतं आणि गिळलं जातं. त्यामुळे गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. कॉफी, चहा, लिंबू-सोडा, कोकम सरबत, कुठलंही शीतपेय, सगळं बंद. आणि सोलकढी. दुपारी हुमण (माशांची आमटी) नि भात जेवायचं, वाटीभर सोलकढी प्यायची आणि लगेच गम तोंडात टाकायचा, म्हणजे पैसे गटारात.

जेवणानंतरची तलफ दिवसातली सगळ्यात जोरकस असते, म्हणून लोक तिथेच अडकतात. तोड अशी : जेवणाच्या तासभर आधी एक गम पूर्ण करायचा, म्हणजे जेवून उठताना रक्तात थोडं निकोटिन शिल्लक असतं. जेवण झाल्यावर पाण्याने खळखळून चुळा भरायच्या, पंधरा मिनिटं अंगणात नाहीतर रस्त्यावर चालायचं, मग पुढचा गम. पानावरून उठून थेट बाल्कनीत जायचं नाही. तीच ती सिगरेटची जागा असते.

रायबंदर_पागा

हे सगळं वीस-वीस ओढणाऱ्यांसाठी ठीक. रोज दोन-तीनच ओढणाऱ्याने एवढा खटाटोप कशाला करायचा? धोका त्या मानाने एक दशांशच ना?

स्टेथो_मडगाव

>> धोका त्या मानाने एक दशांशच ना?

फुफ्फुसाच्या कर्करोगाबाबत साधारण तसं म्हणता येईल, तिथे किती ओढल्या आणि किती वर्षं ओढल्या याला महत्त्व आहे. हृदय तसं वागत नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. रोज एकच सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका रोज वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा निघाला, विसावा हिस्सा नव्हे. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर थोड्याशा धुरानेही बिघडतं आणि प्लेटलेट चिकट होतात, पुढच्या सिगरेटी त्यात तुलनेने कमी भर घालतात. त्यात कार्बन मोनॉक्साईड. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, म्हणजे हृदयाला काम जास्त आणि प्राणवायू कमी. तेव्हा ‘कमी केली आहे हो’ हे हृदयाच्या डॉक्टरला सांगून फारसा उपयोग नाही.

याची उजळ बाजू अशी की हृदयाला फायदाही लवकर मिळतो. कार्बन मोनॉक्साईड एक-दोन दिवसांत उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो, फुफ्फुसाच्या कर्करोगाचा निम्मा व्हायला दहा वर्षं लागतात. दम्यासारखी धाप लागणारा जुनाट फुफ्फुसविकार ज्याला झाला आहे त्याला मात्र स्पष्ट सांगावं : गेलेली ताकद परत येत नाही, पण उतरणीचा वेग मंदावतो. साठीत जिने चढता येतील की नाही ते त्यावरच ठरतं.

पेडणे_पठार

साठीचा विषय निघाला म्हणून विचारतो. चाळीस वर्षं ओढल्यावर आता सोडून काय मिळणार, असं म्हणणाऱ्या ज्येष्ठांना काय सांगायचं?

स्टेथो_मडगाव

ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं पाठपुरावा झाला. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये छापले. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुर्मान न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी भरलं. तिशीत सोडणाऱ्यांना ती दहाही वर्षं जवळपास परत मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. तीन वर्षं म्हणजे नातवाची दहावी ते बारावी.

ऑपरेशन ठरलं असेल (मोतीबिंदूचं नव्हे, पोटाचं, हर्नियाचं, सांध्याचं) तर किमान चार आठवडे आधी सोडायला सांगा. जखम भरणं आणि भूल दिल्यानंतर छातीत कफ भरणं, दोन्हीत फरक पडतो. म्हाताऱ्या माणसाला ‘आयुष्य वाढेल’ यापेक्षा हे कारण लवकर पटतं.

झुआरी_काठ

एवढी औषधं कशाला? ठरवलं की सुटते. आपल्या वाड्यावाड्यावर अशी चार माणसं दाखवता येतील, एका रात्रीत बंद केली.

म्हादई

चार दाखवता येतील, कारण चारच असतात. कुठल्याही मदतीशिवाय सोडायला निघालेल्या शंभरांपैकी सहा महिने-वर्षभर टिकणारे तीन ते पाच. बाकीचे दिसत नाहीत कारण ते परत गर्दीत मिसळतात. निकोटिनची औषधं ही शक्यता साधारण दीडपट करतात. पट्टी (अंगावर चिकटवायची, निकोटिनची) आणि गम एकत्र घेतले तर नुसत्या एकापेक्षा आणखी चतकोर भर पडते.

एका बाबतीत मात्र तुमच्या बाजूने पुरावा आहे. हळूहळू कमी करणं आणि ठरलेल्या दिवशी एकदम बंद करणं यांची २०१६ मध्ये तुलना झाली. दोन्ही गटांना औषधं दिली होती. चार आठवड्यांनी एकदम बंद करणाऱ्यांतले ४९ टक्के टिकून होते, हळूहळूवाल्यांतले ३९. कमी करताना माणूस नकळत प्रत्येक सिगरेट जास्त खोल ओढतो, पार फिल्टरपर्यंत. आकडा उतरतो, निकोटिन उतरत नाही. आणि उरलेल्या चार सिगरेटींची किंमत मनात वाढत जाते ती वेगळीच.

तेव्हा दिवस ठरवा आणि औषध त्या दिवशी हाताशी ठेवा. चवथीच्या आठवड्यातला दिवस नको. रात्रभर आरत्या, पत्ते आणि मुंबई-पुण्याहून आलेले चुलतभाऊ यांच्यात पहिला आठवडा काढणं कठीण.

फार्मसी_फोंडा

पट्टीबद्दल लिहितो, कारण आपल्या हवेत ती सुटून पडते हीच मुख्य तक्रार.

दिवसाला दहापेक्षा जास्त असतील तर २१ मिलिग्रॅमची सहा आठवडे, मग १४ ची दोन, मग ७ ची दोन. दहा किंवा कमी असतील तर १४ ने सुरुवात करून सहा आठवडे, मग ७ ची दोन. रोज एक, शक्यतो ठरलेल्या वेळी. जागा : दंडाचा वरचा भाग, छातीचा वरचा भाग किंवा पाठ, केस नसलेली. एकदा लावलेल्या जागी आठवडाभर परत लावायची नाही. पहिला तासभर खाजतं, ते चालेल. चट्टा उठून दोन-चार दिवस राहिला तर डॉक्टरला दाखवा.

चिकटत नाही याची कारणं दोन. अंगाला खोबरेल तेल, नाहीतर मलईवाला साबण लावलेला असतो. दुसरं म्हणजे आंघोळ करून घाम सुटायच्या आतच लावलेली नसते. साध्या साबणाने ती जागा धुवा, पुसून कोरडी करा, पंख्याखाली दोन मिनिटं बसा, पट्टी लावून तळव्याने दहा सेकंद दाबा, कडा बोटाने फिरून दाबा. एप्रिल-मेमध्ये चारी कडांना कागदी सर्जिकल टेप लावली की टिकते. समुद्रात पोहायला हरकत नाही. भर उन्हात मात्र ती कपड्याखाली हवी, कारण कातडी तापली की निकोटिन जास्त वेगाने आत शिरतं आणि गरगरतं. ट्रॉलरवर, रेतीच्या होडीवर काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पट्टीला रक्तातलं प्रमाण चढवायला काही तास लागतात, नंतर ते सपाट राहतं. अचानक आलेली तलफ ती थोपवत नाही, त्यासाठी वरून २ चा गम. दोन्ही एकत्र घेऊ नयेत अशी जुनी समजूत अजून काउंटरवरही ऐकू येते, ती चूक आहे. विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना पट्टी काढा. मग सकाळची तलफ जोरात येणार, ती गमवर काढायची.

कुडचडे_नाका

बिडीचं काय? आमच्या भागात ट्रकवाल्यांमध्ये अजून बिडीच जास्त. ‘पानाची आहे, कागद नाही, कमी वाईट’ असं म्हणतात.

स्टेथो_मडगाव

उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा आत येत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून भराभर आणि खोल ओढावी लागते. आकाराने लहान, तंबाखूही कमी, पण ओढणाऱ्याच्या छातीत निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साईड सिगरेटीपेक्षा कमी जात नाही, बहुधा जास्तच. औषधाची मात्रा ठरवताना बिड्या मोजत बसू नका. उठल्यावर पहिली किती मिनिटांत लागते तेच विचारा.

दातांचा_डबा

सिगरेट सोडून मशेरी नाहीतर खैनी धरणारे खूप, विशेषतः ज्यांच्या कामावर धूर चालत नाही ते. निकोटिन तेच, फक्त कर्करोगाची जागा फुफ्फुसातून गालात आली. गुटख्यावर गोव्यात २००५ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठून येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर इथे नको.

एक गोंधळ मात्र दूर करतो. सिगरेट सोडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तोंडात लहान दुखरे फोड येतात. हे नेहमीचं आहे, आपोआप जातात, तेवढ्यासाठी परत ओढायला लागू नका. पण न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तीन बोटं उभी आत जात नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यांतलं काही असेल तर बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जाऊन दाखवा.

कुळागर

>> सिगरेट सोडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत

आणखी काय काय होतं ते एकदाच लिहून टाका, म्हणजे माणूस घाबरणार नाही.

म्हादई

चिडचिड, बेचैनी, झोप मोडणं, भूक वाढणं, लक्ष न लागणं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, मग उतरत उतरत दोन ते चार आठवडे. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. ती थोपवायची नाही, नुसता वेळ काढायचा : थंड पाणी घोट घोट, जागा बदलणं, कोणाला फोन.

खोकला वाढतो. श्वासनळीतले बारीक केस धुराने लुळे पडलेले असतात, ते पुन्हा हलायला लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. लोक म्हणतात, ओढत होतो तेव्हा बरा होतो. रक्त पडलं किंवा ताप आला तरच धावपळ करा. बद्धकोष्ठता साधारण सहापैकी एकाला होते, कारण निकोटिन आतड्याला चालना देत होतं. नाचणीची आंबील, पपई, भरपूर पाणी. वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. हाताला काहीतरी हवं म्हणून फरसाणाची पुडी उघडली की तिथेच. भाजलेले चणे, काकडी, गाजर ठेवा.

फार्मसी_फोंडा

आणि चहा-कॉफी. हा मुद्दा डॉक्टरही विसरतात. सिगरेटच्या धुरातली डांबरासारखी द्रव्यं यकृतातलं एक विकर (एन्झाइम) वाढवून ठेवतात, जे कॅफीन जाळतं. धूर बंद झाला की हे विकर थोड्या दिवसांत मूळ पातळीवर येतं, आणि तेवढ्याच कॉफीतून रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट राहतं. मग छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री डोळा न लागणं, आणि दोष सगळा सिगरेट सोडण्यावर. सोडायच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा.

हेच विकर काही औषधंही जाळतं. मानसिक आजारावरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन, दम्यावरची थिओफिलिन. यांतलं एखादं चालू असेल तर सिगरेट सोडण्याआधी औषध देणाऱ्या डॉक्टरला सांगा, मात्रा उतरवावी लागते. गम-पट्टीने हे टळत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा तपासावी.

रायबंदर_पागा

गोळ्यांचं ऐकलं आहे. त्या नेमक्या काय?

स्टेथो_मडगाव

गिळायच्या, निकोटिन नसलेल्या दोन आहेत, दोन्ही चिठ्ठीवरच्या.

व्हॅरेनिक्लिन : मेंदूतल्या निकोटिनच्या जागेवर जाऊन बसते, थोडीशी चालना देते आणि खऱ्या निकोटिनला बसू देत नाही. त्यामुळे तलफ उतरते आणि मध्ये ओढलीच तर मजा येत नाही. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी अर्धा दोनदा, आठव्यापासून एक मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सोडायचा दिवस गोळी सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात ठेवायचा, म्हणजे पहिला आठवडा ओढत राहिलं तरी चालतं. मळमळ हे बंद करण्याचं पहिलं कारण. पोटभर खाऊन, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घेतली तर बहुतेकांना सोसते. पावाच्या तुकड्यावर आणि कपभर चहावर घेतली तर नाही. दुसरी गोळी झोपताना घेण्यापेक्षा रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या, स्वप्नं कमी पडतात. मूत्रपिंड बरंच बिघडलेलं असेल तर मात्रा कमी. डोक्यावर परिणाम होतो अशी भीती होती, ती २०१६ च्या मोठ्या चाचणीत खरी ठरली नाही.

ब्युप्रोपियॉन : १५० मिलिग्रॅम तीन दिवस एकदा, मग दोनदा, दोहोंत किमान आठ तास, सात ते नऊ आठवडे. सोडायच्या आठवडाभर आधी सुरू. फेफरं येणाऱ्याला, पूर्वी कधी आलेल्याला अजिबात नाही. रोज भरपूर दारू पिणारा माणूस सिगरेटबरोबर दारूही एकदम बंद करणार असेल तर त्यालाही नाही, कारण तशाने फेफऱ्याचा धोका आणखी वाढतो. हे डॉक्टरने विचारलं नाही तर आपण होऊन सांगा.

पेडणे_पठार

दारूचा विषय निघालाच आहे तर मोसम उर्राकाचा (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा) आहे. लिमका, मीठ, चिरलेली मिरची, आणि तिसऱ्या पेल्याला कोणीतरी पाकीट पुढे करतो.

म्हादई

परत सुरू होण्याचं सगळ्यात नेहमीचं ठिकाण तेच. कारण साधं आहे, दारूने आवर सुटतो आणि सवय तिथेच घट्ट झालेली असते. त्यात वर लिहिल्याप्रमाणे लिमका आंबट, म्हणजे तेव्हा चघळलेला गमही निकामी. पट्टी चालते, ती तोंडावर अवलंबून नाही. पहिला महिना तवेर्न (दारूचा गुत्ता) टाळता आला तर उत्तम. नाही टाळता आला तर पट्टी लावून जा, आत बसा, बाहेर ओढणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहू नका. कायदा इथे कामाचा आहे : गोव्याचा धूम्रपान व थुंकणे बंदीचा कायदा १९९७ चा, देशभरातली सार्वजनिक ठिकाणची बंदी २००८ ची.

स्टेथो_मडगाव

व्हॅरेनिक्लिन चालू असताना काहींना नेहमीपेक्षा कमी दारूतच जास्त चढते, आठवण राहत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये तशी सूचना काढली आहे. स्कूटर घेऊन जाणार असाल तर विशेष लक्षात ठेवा.

झुआरी_काठ

आणि वेप? कळंगुटच्या बाजूला सहज दिसतात.

फार्मसी_फोंडा

दिसतात, पण २०१९ पासून विक्री, आयात, साठा, जाहिरात सगळ्यावर देशात बंदी आहे. इथे मिळणारं सगळं चोरटं, त्यामुळे आत किती निकोटिन आहे हे पाकिटावरच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. मात्रेवरच सगळं चालतं तिथे असं साधन काय कामाचं?

कुडचडे_नाका

मदत कुठे मिळते? फोनवर मराठीत बोलणारं कोणी?

स्टेथो_मडगाव

सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो : १८००-११-२३५६. केंद्र सरकारचा, फुकट. दिल्लीबरोबर मुंबईतूनही चालतो, मराठीत बोलता येतं. ते नुसतं ‘सोडा’ म्हणत नाहीत, सोडायचा दिवस ठरवून घेतात आणि नंतर स्वतः फोन करतात. समोरासमोर हवं असेल तर मडगाव आणि म्हापशाच्या जिल्हा इस्पितळांत केसपेपर काढतानाच तंबाखू सोडवण्याचं केंद्र कुठे ते विचारा. दारूही बरोबर असेल तर बांबोळीची मनोविकार संस्था.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यात तंबाखू वापरणारे प्रौढ ९.७ टक्के होते, देशात २८.६. म्हणजे इथे सोडणाऱ्याच्या भोवती न ओढणारेच जास्त, हा फायदाच आहे.

रायबंदर_पागा

मध्येच एखादी ओढली गेली तर? सगळं पहिल्यापासून?

म्हादई

नाही. पट्टी काढायची नाही, गोळी बंद करायची नाही, त्याच दिवशी पुढचा गम वेळेवर. पट्टी असताना एखादी ओढली तर हार्ट अटॅक येतो ही भीती निराधार आहे. उलट लोक त्या भीतीने पट्टी काढतात आणि मग पाकीटच विकत घेतात. ती कुठे, कोणाबरोबर, किती वाजता ओढली तेवढं लिहून ठेवा. रोज त्याच वेळी होत असेल तर त्या वेळेच्या अर्धा तास आधी गम, किंवा मात्रा कमी पडते आहे असं समजून डॉक्टरशी बोला.

कुळागर

बाराव्या आठवड्यानंतर गम सुटत नाही असेही असतात.

फार्मसी_फोंडा

थोडे असतात. धुरापेक्षा तो शंभर वेळा बरा, घाई नको. ४ चा असेल तर २ वर या. मग दर तीन-चार दिवसांनी दिवसाचा एक कमी करा. शेवटी गम कात्रीने अर्धा करून साध्या बिनसाखरेच्या च्युइंग गमबरोबर चघळा. पट्टी मात्र कापायची नाही. काढलेल्या पट्टीतही बरंच निकोटिन शिल्लक असतं. चिकट बाजू आत दुमडून, कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका. रांगतं मूल आणि कुत्रं दोघांच्याही तोंडात जाऊ शकते. पट्टी हाताळल्यावर हात धुवा, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागतं आणि तासभर झोंबतं.